खांदेरीचा दीपस्तंभ

रायगड जिल्ह्यातील थळच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहिले, तर दोन बेटे दिसतात: धाकटे उंदेरी आणि थोरले खांदेरी. खांदेरीच्या उंचवट्यावर 1867 साली उभारलेला अष्टकोनी दीपस्तंभ आहे. होडीने तेथे जाणाऱ्याच्या नजरेत मात्र आधी भरतो तो काळ्या दगडांचा तट. दीपस्तंभाची कथाही या तटापासूनच सुरू होते.

मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या गलबतांवर येथून नजर ठेवता येते, हे ओळखून शिवाजी महाराजांनी 1679 साली मायनाक भंडारी यांच्याकरवी बेटावर दुर्ग बांधावयास घेतला. इंग्रजांनी जहाजे आणून नाकेबंदी केली. पुढे जंजिऱ्याचा सिद्दीही आला. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी. परंतु मराठ्यांच्या लहान, चपळ होड्या रात्रीच्या अंधारात त्यांना चुकवून बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या. अखेर 1680 च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. 1718 मध्ये, कान्होजी आंग्रे यांच्या काळातही, त्यांचा हल्ला फसला. पुढे 1818 मध्ये मराठी सत्ता संपली आणि ज्या बेटाने त्यांची जहाजे अडविली, त्याच बेटावर इंग्रजांनी जहाजांना वाट दाखविणारा दिवा लावला. इतिहासातील असा उलटफेर क्वचितच पाहावयास मिळतो.

दीपस्तंभ उंचावर का बांधतात? पृथ्वी गोल असल्यामुळे दूरचा प्रकाश क्षितिजाआड जातो. पाण्यापासून 25 मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे 18 किलोमीटरवर असते. उंची वाढली, की हे अंतरही वाढते. दिव्याभोवतीची भिंगे विखुरणारा प्रकाश एकवटून त्याचा झोत करतात. प्रत्येक दीपस्तंभाच्या प्रकाशाची उघडझाप निराळी असते. तिच्यावरून खलाशी काळोखातही ठिकाण ओळखतो. आता उपग्रहांमुळे जहाजाला आपले स्थान कळते. तरी यंत्र बिघडले, तर हाच आधार उरतो.

2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या 12 दुर्गांचा समावेश झाला. त्यांत खांदेरीही आहे. येथे कोळी बांधवांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे मंदिर आहे, गाड्यांवर चढविलेल्या तोफा आहेत. आणि एक खडक असा, की त्यावर दगड आपटताच भांड्यासारखा खणखणीत नाद उमटतो. तो जरूर ऐकावा. मात्र परतीची वेळ होडीवाल्याला विचारूनच ठरवावी, कारण ती भरती-ओहोटीच्या हाती असते.