कार्लोस मोन्झोन : रिंगमधला राजा, कोर्टातला आरोपी

अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतात १९४२ साली गरिबाघरी जन्म. ७ नोव्हेंबर १९७० ला रोममध्ये त्याने नीनो बेन्वेनुतीला त्याच्याच प्रेक्षकांसमोर बाराव्या फेरीत लोळवलं आणि बॉक्सिंगमधलं मिडलवेट विश्वविजेतेपद पटकावलं. पुढे १४ वेळा ते राखलं. लांब हात, थंड डोके, घाई अजिबात नाही. १९६४ नंतर तो एकही लढत हरला नाही. जुलै १९७७ मध्ये रॉद्रिगो वाल्देसने दुसऱ्याच फेरीत त्याला खाली पाडलं, तरी लढत मोन्झोननेच जिंकली आणि विजेता म्हणूनच हातमोजे उतरवले. नोंद : ८७ विजय, ३ पराभव.

रिंगबाहेरची मारहाणही जुनीच. मात्र लोकप्रियतेपुढे तिकडे काणाडोळा झाला. १४ फेब्रुवारी १९८८ च्या पहाटे मार देल प्लाता इथल्या भाड्याच्या घरात, विभक्त झालेली जोडीदार आलिसिया मुन्यीस पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून पडून मृत्युमुखी पडली. अपघात झाला, असं त्याचं म्हणणं. शवविच्छेदनात गळा आवळल्याच्या खुणा निघाल्या. १९८९ मध्ये खुनाबद्दल ११ वर्षांची शिक्षा झाली. स्त्रीहत्येसाठी कठोर शिक्षेची तरतूद अर्जेंटिनाच्या कायद्यात आली ती थेट २०१२ मध्ये.

तो गजांआड असतानाच, १९९० साली, आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव दाखल झालं! ८ जानेवारी १९९५ रोजी सुट्टी संपवून तुरुंगाकडे परतताना मोटार उलटून तो ठार झाला.