अंगणात फरशी घालण्याआधी

बीडमध्ये नवं घर झालं की अंगणाचा निकाल बहुधा लगेच लागतो: मुरूम टाकायचा, धुम्मस मारायची आणि वर पेव्हर ब्लॉक. कारण ठरलेलं असतं. "आपल्याकडं पाणीच नाही, बाग कशावर करायची?"

सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीनं केलं आहे. जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबानं हजार चौरस फुटांच्या अंगणात सुमारे ५५ हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे पाच हजार लिटरचे अकरा टँकर. दुष्काळात निम्माच पाऊस झाला तरी पाच टँकर होतात. हे पाणी फरशीवरून गटारात जातं आणि उन्हाळ्यात आपण पैसे मोजून टँकर बोलावतो. त्यापेक्षा अंगणाला घराकडून बाहेर उतार द्या, सखल भागात फूटभर खोलीचा पसरट खड्डा घ्या आणि गच्चीचा पाइप त्यात सोडा. खड्डा घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब हवा. काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते, आणि भिंतींना तडे जातात ते त्यामुळंच.

"माती खराब आहे, लाल माती आणू" हा दुसरा समज. मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खालची ओल त्यातून उडून जाते. वर लाल मातीचा थर दिल्यानं भेगा थांबत नाहीत. मातीत कमी असतो तो कुजलेला पाला आणि शेण. शेणखताचा थर, त्यावर दोन-तीन इंच पाचोळा किंवा तुरीचं भुसकट घाला आणि माती दरवर्षी उलथायचं सोडून द्या. आच्छादनाखालची ओल टिकली की गांडुळं आपली आपण वर येतात. गांडूळखताच्या बेडातली विकतची गांडुळं मात्र नुसत्या मातीत तगत नाहीत, ती शेण-पाल्यातच राहणारी आहेत.

आपल्याकडच्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या आहेत. कोवळं पान पिवळं पडलं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर झाडाला लोह मिळत नसण्याची शक्यता मोठी. अशा मातीत "खत म्हणून" चुलीची राख टाकली की दुखणं वाढतं, कारण राखही अल्कलीच.

पाचोळ्यात साप-विंचू होतात, ही भीती खोटी म्हणता येणार नाही. पण साप येतो तो उंदीर-बेडकांच्या मागं, आणि दडतो विटांच्या, लाकडांच्या ढिगात. ढीग हलवा, आच्छादन पातळ ठेवा, भिंतीपासून आणि खोडापासून थोडं अंतर सोडा. वाळवीचाही प्रश्न त्यानं आटोक्यात राहतो. पाचोळा पेटवला तर त्यातला नत्र आणि कर्ब हवेत जातो, हाती राख उरते.

आता झाडं. "देशी तेवढंच चांगलं" असंही सरसकट नाही. पालवणच्या टेकडीवर सह्याद्री देवराईत फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरलं, त्याचं अध्यक्षपद वडाला दिलं होतं. तो मान त्याला शोभतोच, पण घराच्या पायाशी वड नको. उलट सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं. तरी बालाघाटाच्या डोंगरांत ते असं रुजलं की बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. थोड्या पाण्यावर येतं, शेळ्या त्याचा पाला खात नाहीत. लहान अंगणाला याहून चांगलं झाड मला सुचत नाही. त्याचं फूल जवळून पाहा: खाली तोंड करून लटकलेलं, हिरवट, तीन जाड पाकळ्यांचं. या पाकळ्यांत शिरून परागीभवन करणारे बारीक भुंगेरे सडक्या फळांत आणि पाचोळ्यात वाढतात. बुंध्याभोवती लख्ख झाडून काढलं की फुलं येतात, पण फळं कमी धरतात. कोरड्या हवेनंही तेच होतं, म्हणून पावसाळा लागला की फळधारणा सुधारते.

न्हाणीचं पाणी झाडांना चालतं. कपडे धुण्याच्या पावडरचं मात्र रोज सोडू नका. त्यातल्या सोडियमनं काळी माती चिकट होऊन बसते आणि पाणी जिरायचं थांबतं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल सीताफळाला घाला.