पावसाळ्याआधी टायर घेताना : किनार वाचा, मग सौदा करा

मे महिना संपत आला की आमच्या पेठेत ताडपत्रीची विचारणा सुरू होते. माल भिजू नये म्हणून व्यापारी नवी ताडपत्री घेतो, दोऱ्या बदलतो, गोदामाचे पत्रे तपासतो. पण ज्या चार टायरांवर तो माल आणि चालक घाट उतरणार असतात, त्यांच्याकडे कोणी वाकून पाहत नाही. आम्हीही पाहत नव्हतो.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मालेगावहून मुंबईकडे निघालेली आमची व्हॅन कसारा घाटात ओल्या वळणावर घसरली आणि कठड्याला जाऊन लागली. सोळा थाने चिखलात गेली. चालकाचे मनगट मोडले आणि दोन महिने तो घरी बसला. मालाचे नुकसान वर्षभरात भरून निघाले. चालकाने अपघाताच्या आठ दिवस आधी सांगितलेले शब्द मात्र आजही आठवतात, ‘शेठ, ब्रेक मारला की गाडी सरकते.’ आम्ही उत्तर दिले होते, ‘जरा हळू चालव.’

टायर महिनाभरापूर्वीच आम्ही जुन्या बाजारातून स्वस्तात घेतले होते. खाचा खोल दिसत होत्या. पुढे मेकॅनिकने दाखवले की झिजलेल्या टायरवर तापलेल्या पात्याने नव्या खाचा कोरल्या होत्या आणि टायर नऊ वर्षांचे होते. ही दोन्ही गोष्टी टायरवर उघड दिसत होत्या. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. टायरच्या कडेची इंग्रजी अक्षरे म्हणजे कंपनीची जाहिरात, असा आमचा समज होता. किनार पाहिल्याशिवाय आम्ही कापडाचे एक थानही उचलत नाही, पण टायरची किनार वाचली नाही. ती कशी वाचावी, हे व्यापारी बंधूंसाठी येथे सांगत आहोत.

टायरच्या पोटात कापडच असते

टायर म्हणजे निव्वळ रबर नव्हे. आत नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या मजबूत दोऱ्यांचे थर असतात. टायरमधली हवा आणि गाडीचे ओझे हे थर पेलतात. रबर त्यांना जोडून ठेवते आणि रस्त्याला धरते. रेडियल टायरमध्ये या दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडव्या जातात आणि वर पोलादी तारांचा पट्टा असतो. चाक खड्ड्यात आपटले की कधी कधी आतल्या दोऱ्या तुटतात. वरून रबर शाबूत दिसते, पण बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर नवा असला तरी बाद समजावा. त्यावर कोणतीही दुरुस्ती चालत नाही.

पाणी कुठे जाते?

एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण हाताच्या पंजाएवढा असतो. अशा चार पंजांवर सगळी गाडी उभी असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने चाक एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. टायरचा पन्हा १६५ मिलिमीटर आणि रस्त्यावर २ मिलिमीटर पाणी धरले, तर हिशेब असा पडतो की पुढच्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे ७ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. हे काम खाचा करतात. खाचा उथळ झाल्या की पाणी टायरखालीच अडकते आणि चाक पाण्यावर तरंगू लागते. मग स्टिअरिंग फिरवून गाडी वळत नाही आणि ब्रेक दाबून थांबत नाही.

मोटारीच्या नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. कायद्याने ती १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. खाचेच्या तळाशी जागोजागी लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो संपला. पण उन्हाळ्यात २ मिलिमीटर खाच निभावून नेते, तसे पावसात होत नाही. म्हणून आम्ही दुकानाचा नियम केला आहे : मृगाच्या आधी खाच ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर टायर बदलायचा. कोरलेला टायर ओळखण्याची खूणही हीच आहे. खाच खोल आहे, पण तळाशी उंचवटे नाहीत किंवा कापलेले आहेत, तर तो टायर हातात धरू नये.

किनारीवरचे आकडे

समजा टायरवर १६५/८० आर १४ ८५ टी असे लिहिले आहे. १६५ हा मिलिमीटरमध्ये पन्हा. ८० म्हणजे कडेची उंची पन्ह्याच्या ८० टक्के, अर्थात १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १४ हा रिमचा व्यास इंचात. बहुतेक गिऱ्हाइके इथेच थांबतात आणि टायर रिमवर बसला की सौदा पक्का करतात.

खरे वाचायचे ते पुढचे. ८५ हा ओझ्याचा क्रमांक आहे, किलो नव्हे. ८५ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५१५ किलो. ८२ म्हणजे ४७५, ८८ म्हणजे ५६० आणि ९१ म्हणजे ६१५ किलो. शेवटचे अक्षर वेगाचे. एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९० आणि एच म्हणजे २१० किलोमीटरपर्यंत. इतक्या वेगाने कोणी जावे असा त्याचा अर्थ नाही. टायर किती उष्णता सहन करील, याचे ते माप आहे.

माल वाहणाऱ्या व्हॅनला याचे महत्त्व अधिक. तिच्या टायरवर बहुधा एलटी ही अक्षरे आणि ६ पीआर किंवा ८ पीआर असा मजबुतीचा दर्जा असतो. त्याच मापाचा, पण प्रवासी मोटारीचा टायर रिमवर बसतो आणि स्वस्तही पडतो. मात्र गठ्ठ्यांचे ओझे मागच्या दोन चाकांवर येते, तेव्हा तो आतून तापतो. ओझ्याचा क्रमांक गाडीच्या कंपनीने दिला आहे त्याहून कमी कधीच घेऊ नये. तो क्रमांक गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. टायरचे माप आणि हवेचा दाब बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवरही असतो.

आता साल. डीओटी या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यातला. रबर वापरात नसले तरी वयाने कडक होते आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांचा टायर, खाच कितीही असो, काढून टाकावा. चारऐवजी तीनच आकडे दिसले तर तो २००० सालाच्या आधीचा आहे.

काही टायरांवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, काहींवर ‘आउटसाइड’ असे लिहिलेले असते. टायर उलटा चढवला तर पाणी बाहेर फेकणारी नक्षी नीट काम करीत नाही. बसवताना तेवढे पाहून घ्यावे.

बर्फाचा टायर पावसाचा नव्हे

थंड देशांत हिवाळ्यासाठी वेगळे टायर लावतात. जर्मनीत २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर ते कायद्याने सक्तीचे आहेत. त्यांवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चिन्ह असते. त्यांचे रबर मऊ असते आणि ७ अंशांखालच्या थंडीत ते रस्ता धरते. आपल्याकडच्या उष्णतेत ते लवकर झिजते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते. असा टायर कोणी ‘इम्पोर्टेड, पावसाला उत्तम’ म्हणून दाखवला तर घेऊ नये. एम प्लस एस म्हणजे चिखल आणि बर्फ. या अक्षरांवरूनही ओल्या डांबरावरची पकड कळत नाही.

जुना स्वस्त पडतो का?

समजा ५,००० रुपयांचा नवा टायर ४०,००० किलोमीटर चालला. किलोमीटरला साडेबारा पैसे पडले. २,००० रुपयांचा जुना टायर १२,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला जवळपास १७ पैसे. गल्ल्यातून आज कमी पैसे जातात, एवढेच. माल तर महागच पडला.

आमच्या ३ मिलिमीटरच्या नियमाचाही हिशेब सांगतो. ८ पासून १.६ पर्यंत वापरायला ६.४ मिलिमीटर मिळतात. ३ वर टायर काढला तर १.४ मिलिमीटर सोडून दिले. वरच्या भावाने ते एका टायरमागे सुमारे १,१०० रुपये होतात, चारांचे ४,४०० रुपये. घाटात चालकाचे हात शाबूत राहावेत म्हणून आम्ही मोजतो ती ही किंमत. यात घासाघीस करायला जागा नाही.

चारही टायर एकदम घेणे जमत नसेल तर दोन घ्यावेत आणि ते मागच्या चाकांना लावावेत. पुष्कळ लोक नवे टायर पुढे लावतात. पण ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर गाडी गरकन फिरते आणि तिला सावरणे कसलेल्या चालकालाही कठीण जाते.

रिम कोणती?

रिम लोखंडी डिस्क असते किंवा अलॉयची. अलॉय दिसायला सुबक. खड्ड्यात लोखंडी डिस्क बहुधा वाकते, तर अलॉयला तडा जाऊ शकतो. तडा गेलेली रिम वेल्डिंग करून वापरू नये. रोज खड्ड्यांतून माल नेणाऱ्याने लोखंडी डिस्कवर समाधान मानावे, असे आमचे मत आहे.

रिम मोठी करायची असेल तर बाहेरचा एकूण व्यास तोच राहिला पाहिजे. १६५/८० आर १४ च्या जागी १८५/६५ आर १५ घेतला तर व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण कडेची उंची १३२ वरून १२० मिलिमीटर होते. खड्ड्याचा मार झेलायला तेवढे रबर कमी मिळते. शिवाय बोल्टांची संख्या व अंतर, मधल्या भोकाचे माप आणि रिम आत किती बसते, हे तिन्ही गाडीशी जुळले पाहिजे. लोखंडी डिस्कचे नट प्रत्येक अलॉयला चालतातच असे नाही. रिम बदलल्यास तिच्यासाठी दिलेलेच नट लावावेत आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळून घ्यावेत.

हवा आणि स्टेपनी

चांगला टायरही हवा कमी असेल तर दोन्ही कडांनी झिजतो आणि तापतो. हवा जास्त असेल तर मध्यभागी झिजतो. पंधरा दिवसांतून एकदा, गाडी निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासावी. माल भरल्यावरचा दाब वेगळा असतो, तो पुस्तिकेत पाहावा. एकाच कडेने झीज दिसली तर अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवा टायरही तसाच जाईल. बाजूच्या भिंतीतील पंक्चर काढून टायर पुन्हा चालवू नये. स्टेपनीचेही साल वाचावे. घाटात तीच उपयोगी पडणार असते.

आता आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तोच चालक चारही टायरांजवळ बसतो, खाचा मोजतो, साल वाचतो आणि वहीत लिहितो. टायर बदलायचा की नाही, हे तो ठरवतो. आम्ही फक्त बिल चुकते करतो. वाचकांनी आपल्या गाडीसाठी असेच करावे आणि चालक म्हणाला की गाडी सरकते, तर त्याच दिवशी वाकून टायर पाहावा.