सामरी कोणाचा?

हिंदीत भयपट करणाऱ्या रामसे बंधूंमध्ये भुताचा खरा माणूस कोण, तुलसी की श्याम? विदर्भातल्या मारेगावात पानठेल्यावर चार पन्नाशीतले गडी जमले असतील तर हा प्रश्न नुसता टाकून द्यावा आणि बाजूला उभं राहावं. ‘पुराना मंदिर’ १९८४चा. तेव्हा शाळेत असलेली, घरी कीर्तनाला जातो म्हणून सांगून पिच्चरला गेलेली ही पिढी. आता कुणी गुरुजी आहे, कुणाचं कृषी केंद्र आहे, पण त्यातल्या सामरी सैतानाचं नाव निघालं की कापसाचा भाव मागे पडतो.

“श्यामच खरा माणूस राजेहो.”

“काहीबी काय सांगता भाऊ? पडद्यावर दोघायचं नाव राह्यते.”

“नाव राह्यते हो. पण भूत कोणं पाह्यलं? श्यामनं!”

श्यामनं भूत पाहिलं, ही गोष्ट चाहत्यांच्या जगात फार प्रसिद्ध आहे. श्याम रामसे स्वतः मुलाखतींत सांगत असत. महाबळेश्वरचं शूटिंग आटोपून रात्री एकटेच गाडीनं निघाले होते, वाटेत एका बाईनं लिफ्ट मागितली, ती शेजारी बसली, आणि मग त्यांचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. पावलं उलटी. पुढे १९८८च्या ‘वीराना’त रस्त्यावर भेटणारी देखणी बाई आली ती या रात्रीतून, असं ते म्हणत. गोष्ट खरी की खोटी यावर पानठेल्यावर दोन तट पडतात. माझं मत विचाराल तर, उलट्या पावलांची हडळ महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाच्या वेशीवर आधीपासून उभी आहे. ती नेमकी भयपटाच्या दिग्दर्शकाच्याच गाडीत बसावी हा योगायोग मला जरा जास्तच सोयीचा वाटतो. पण गोष्ट सांगण्यात गैर काही नाही. अमेरिकेत विल्यम कॅसल नावाच्या दिग्दर्शकानं १९५८ साली ‘मकाब्र’ पाहताना भीतीनं मेलात तर हजार डॉलरचा विमा मिळेल अशी जाहिरात केली होती. आपल्याकडे राम गोपाल वर्मांच्या ‘फूंक’च्या वेळी, २००८ साली, थिएटरात एकट्यानं बसून अख्खा सिनेमा पाहील त्याला पाच लाख, असं आव्हान दिलं गेलं. भयपट करणाऱ्याला सिनेमाइतकीच स्वतःभोवतीची हवाही तयार करावी लागते.

आता या घराचा मूळ इतिहास. वडील फतेहचंद रामसिंघानी. कराचीत रेडिओचं दुकान होतं. रामसिंघानी हे नाव इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेवर बसेना, त्याचं रामसे झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटलं आणि वडिलांना सिनेमाची ओढ लागली. १९६३चा ‘रुस्तम सोहराब’ त्यांचाच. सुरैयाचा तो शेवटचा चित्रपट. मग १९७०चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ साफ पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करायला येतात असा एक प्रसंग होता. सिनेमा पडला तरी त्या प्रसंगाला थिएटरात लोक दचकत होते, आणि पोरांनी ते पाहिलं. बाकी सगळं टाकून नुसता तेवढाच भाग दीड-दोन तास दिला तर? हा विचार त्यांनी वडिलांसमोर ठेवला.

पोरं सात. कुमार लिहायचा, किरण आवाज बघायचा, गंगू कॅमेरा धरायचा, अर्जुन संकलन करायचा, केशू निर्मितीत आणि कॅमेऱ्याच्या मदतीला, आणि तुलसी व श्याम दिग्दर्शनाला. सिनेमाच्या शाळेत कुणी गेलेलं नव्हतं. जोसेफ मॅसेली यांचं छायाचित्रणावरचं एक इंग्रजी पुस्तक हीच त्यांची शाळा. काश्मीरला हाउसबोटीत राहून सगळ्या भावांनी त्याचा अभ्यास केला. १९७२चा ‘दो गज़ जमीन के नीचे’ महाबळेश्वरला केला. सगळी माणसं एकाच मुक्कामाला, घरच्या बायका स्वयंपाकाला, साधारण चाळीस दिवसांचं काम आणि साडेतीन लाखांच्या आसपास खर्च, असं भाऊ पुढे सांगत आले. चित्रपट चालला. मग ‘दरवाजा’, ‘गेस्ट हाउस’, ‘पुराना मंदिर’, ‘तहखाना’, ‘वीराना’, ‘पुरानी हवेली’, ‘बंद दरवाजा’ अशी १९९०पर्यंतची रांग.

हा हिशोब समोर ठेवला की तुलसी की श्याम हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडलाय असं मला वाटतं. ‘पुराना मंदिर’ डोळ्यांपुढे आणा. राजानं सामरीचं मुंडकं उडवलं, धड एकीकडे पुरलं, मुंडकं पेटीत बंद केलं, आणि वंशातल्या बायका बाळंतपणात मरतील असा शाप लागला. ही कथा कुमारची. पण आपल्याला आठवतं ते काय? निळी रात्र, लाल उजेड, खालून वर पाहणारा कॅमेरा, धुक्यातून येणारी ती अवाढव्य आकृती. हे गंगूचं काम. अंधारात करकरणारं दार, वारा, थांबून थांबून पडणारं पाऊल ही आवाजाची करामत. आणि प्रसंग किती लांबवायचा, किंकाळी नेमकी कुठे तोडायची, हे संकलनाच्या टेबलावर ठरतं. दिग्दर्शक म्हणून दोघांची नावं लागली, पण भीती सात जणांनी मिळून शिवलेली होती.

पुरावा हवा तर नंतरची वर्षं बघा. श्याम यांनी पुढे ‘घुटन’ (२००७) आणि ‘नेबर्स’ (२०१४) केले. ‘नेबर्स’ आठवणारा माणूस मला मारेगावात तर सोडाच, नागपुरातही भेटला नाही. केशू वेगळे झाले, १९८७मध्ये ‘डाक बंगला’ दिग्दर्शित केला, आणि मग भुतांना रामराम ठोकून ‘खिलाडियों का खिलाडी’सारख्या चित्रपटांचे निर्माते झाले. भाऊ एकत्र होते तेव्हाची ताकद सुट्या माणसात उतरली नाही. एकोप्यातलं शेवटचं मोठं काम म्हणजे १९९३ला सुरू झालेला ‘झी हॉरर शो’. त्याच्या सुरुवातीच्या संगीतालाच अंगणात खेळणारी लेकरं घरात पळत.

श्रेयाचे असे वाद सगळीकडे आहेत. १९८२चा ‘पोल्टरगाइस्ट’ टोबी हूपरनं केला की निर्माता स्टीव्हन स्पीलबर्गनं, यावर अमेरिकेतले चाहते चाळीस वर्षं भांडताहेत. आपल्याकडचा ताजा वाद ‘तुंबाड’चा. राही अनिल बर्वे दिग्दर्शक, आदेश प्रसाद सहदिग्दर्शक, आनंद गांधी क्रिएटिव्ह डायरेक्टर, सोहम शाह नट आणि निर्माता. मग सिनेमा कुणाचा? २०२४ला तो पुन्हा थिएटरात लागला आणि २०१८च्या पहिल्या फेरीपेक्षा जास्त कमावून गेला, तेव्हा हा वादही पुन्हा पेटला. विदर्भाच्या वाचकानं यात एक गोष्ट मात्र अभिमानानं सांगावी: बर्वेंना नारायण धारपांची गोष्ट एका मित्रानं सांगितली ती नागझिऱ्याच्या जंगलात. कोकणातल्या पावसाचा तो सिनेमा रुजला आपल्या सागाच्या पानांखाली.

चाहत्यांचा दुसरा वाद मोठ्यानं होतो. रामसे म्हणजे रबरी मुखवटे आणि टमाट्याचा रस. खरी भीती राम गोपाल वर्मांनी आणली. हे म्हणणारे बहुधा चाळिशीच्या आतले असतात. त्यांची बाजू भक्कम आहे. १९९२चा ‘रात’, तीन पात्रांवर उभा राहिलेला ‘कौन’ (१९९९), आणि गाण्यांशिवायचा ‘भूत’ (२००३). मुंबईतली उंच इमारत, लिफ्ट, रिकामं पार्किंग, आणि उर्मिला मातोंडकर. हवेली नाही, अमावास्या नाही, ‘पुराना मंदिर’मधल्या जगदीपचा मच्छर सिंग नाही. आवाज मात्र असा, की खुर्चीच्या मागे कुणीतरी उभं आहे असं वाटावं.

आणि इथेच मारेगावचा प्रेक्षक मुंबईच्या समीक्षकापेक्षा शहाणा ठरतो, कारण त्याला थिएटर माहीत आहे. सिनेमाच्या धंद्यात विदर्भ अजूनही ‘सी. पी. बेरार’ या जुन्या इंग्रजी नावानं ओळखला जातो. त्या सर्किटमध्ये नागपूर, अमरावती झाल्यावर वणी, मग त्याहून लहान गावं. प्रिंट इथवर येईस्तोवर ओरखड्यांनी भरलेली असायची. जत्रेतल्या तंबूत तर पडदा वाऱ्यानं हलायचा, कार्बनच्या कांडीवर चालणाऱ्या प्रोजेक्टरचा उजेड मधेच मंदावायचा, एकाच भोंग्यातून सगळा आवाज. अशा ठिकाणी ‘भूत’मधली बारीक कुजबुज ऐकूच गेली नसती, आणि काळोखातला काळोख दिसला नसता. रामसेंचा भडक निळा आणि लाल मात्र तिथेही दिसायचा. किंकाळी फाटक्या भोंग्यातून जास्तच भेसूर यायची. जिथे रेल्वे थांबत नाही तिथे आपला धंदा, असा या घरातला हिशोब होता, आणि मारेगावात रेल्वे आजही नाही. भडकपणा ही त्यांची हौस असेल, पण ती आमच्या पडद्याच्या मापानं बेतलेली होती. वर्मांचा सिनेमा चांगल्या स्पीकरचं थिएटर आल्यावरच शक्य झाला. दोघांची तुलना करताना ही खोली, हा पडदा, हा भोंगा विसरला की वाद नुसता आरडाओरडा होतो.

वर्मांच्या बाबतीत माणूस आणि काम वेगळं काढणं मराठी प्रेक्षकाला जड जातं, त्याला कारण आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताज हॉटेल पाहायला गेले, तेव्हा मुलगा रितेश आणि राम गोपाल वर्मा त्यांच्यासोबत होते. ते दृश्य टीव्हीवर पाहून लोक संतापले आणि काही दिवसांतच विलासरावांना पद सोडावं लागलं. पुढे वर्मांनी त्या हल्ल्यावर सिनेमाही केला. त्यानंतरची त्यांची बोलभांड विधानं, मुद्दाम काढलेली भांडणं यांमुळे ‘कौन’ पाहतानाही आता त्यांचा चेहरा मधे येतो, असं सांगणारे चाहते आहेत. मला ‘कौन’ आजही तितकाच भारी वाटतो. बाकी गोष्टींचा राग आहेच, तो मी ‘फूंक’वर काढतो.

मराठीपुरतं बोलायचं तर नाव एकच, महेश कोठारे, आणि त्यांना भयपटाचे दिग्दर्शक म्हणायचं की नाही हाच वाद. १९९३चा ‘झपाटलेला’ १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून सुचलेला, हे उघड आहे. तेवढ्यावर नाक मुरडणाऱ्यांनी एक फरक बघावा. अमेरिकेतली बाहुली फेरीवाल्याकडून विकत घेतलेलं खेळणं होती. कोठारेंनी ती बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या लक्ष्याच्या हातात दिली आणि तात्या विंचू घडवून घेतला रामदास पाध्यांकडून, ज्यांच्या घरचे अर्धवटराव महाराष्ट्रानं आधीच आपले मानले होते. हसवणारी बाहुली घाबरवायला लागली, म्हणून पोरं जास्त घाबरली. नावही घरचंच: तात्या हे कोठारेंच्या रंगभूषाकाराचं नाव, विंचू आला ‘रेड स्कॉर्पियन’ या इंग्रजी सिनेमावरून. कोठारे हा माणूस स्वभावानं हसऱ्या चेहऱ्याचा, ‘डॅमिट’ म्हणणारा इन्स्पेक्टर. तो लोकांना भीती घालू शकतो हे गंभीर चाहत्यांना पटत नाही. ज्यांनी सातव्या-आठव्या वर्षी तो सिनेमा पाहिला आणि रात्री कपाटावरची बाहुली उतरवायला लावली, त्यांना पटतं.

एक बाजूची गोष्ट सांगायलाच हवी. २०१८ साली पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात टी-१ वाघिणीच्या धास्तीनं माणसं दिवस कलला की वावर सोडून घरी परतत होती. ज्यांच्या शेजारी खरं भय असं बसलेलं असतं, ती माणसं सामरीला घाबरायला पैसे देऊन का जातात? मला वाटतं, सामरी शेवटी त्रिशूळासमोर जळतो, हे त्यांना पहिल्या रिळापासून माहीत असतं.

आणि सामरी? तो करणारे अनिरुद्ध अग्रवाल रुरकीहून शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. मेकअप तर होताच, पण लांब चेहरा आणि उंचापुरा सांगाडा त्यांचा स्वतःचा. श्रेयाच्या भांडणात या माणसाचं नाव पानठेल्यावर शेवटी निघतं, आणि खरं तर सगळ्यांत आधी निघायला हवं.

तुलसी डिसेंबर २०१८मध्ये गेले, श्याम सप्टेंबर २०१९मध्ये, गंगू एप्रिल २०२४मध्ये. २०१७मध्ये शाम्य दासगुप्तांनी या घरावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते मुंबईच्या बाजूनं. लहान गावांतल्या टॉकीजमध्ये हे सिनेमे कसे चालले, कोणत्या आठवड्यात किती तिकिटं फाटली, तंबूवाले किती पैसे मोजून प्रिंट आणायचे, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मारेगाव, वणी, पांढरकवडा, झरी या भागात ज्यांनी ऑपरेटर म्हणून, तिकीट खिडकीवर किंवा रिक्षातून भोंग्यावर जाहिरात करत काम केलं, त्यांच्या घरात जुनी पोस्टरं, तिकिटांची बुकं, हँडबिलं माळ्यावर पडून असतील. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याला देऊ नका. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय असं साहित्य जपून ठेवतं, त्यांना कळवा.