हत्ती, कोंडवाडा आणि नगरचा खापरी नळ

आमच्या घरी एका जुन्या डब्यात खिळे, चाव्या आणि तुटकी कुलुपे यांच्या सोबतीला एक पितळी बिल्ला पडून आहे. त्यावर एक नंबर कोरलेला आहे आणि एक साल. वडिलांच्या सायकलचा तो बिल्ला. पालिकेत सायकलची पट्टी भरली की तो मिळे आणि वर्षभर सायकलला अडकवून हिंडावे लागे. मध्यंतरी मी तो कॉलेजात नेला, इतिहासाच्या तासाला. बिल्ला बाकांवरून फिरला, मुले हसली, आणि मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, सायकलवर कर, मग चपलांवर नव्हता का?"

प्रश्न थट्टेचा होता, पण तो बरोबर जागी बोट ठेवणारा होता. चपलांवर कर नव्हता, कारण चपलांनी रस्ता झिजत नाही. रस्ता झिजतो तो चाकांनी. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असे, आणि पावसाळ्यात भरलेली गाडी मातीच्या रस्त्यावरून गेली की मागे दोन खोल चाकोऱ्या सोडून जाई. तेव्हा ज्याचे चाक, त्याने रस्त्याच्या दुरुस्तीला हातभार लावावा, असा तो साधा हिशेब. सायकल रस्ता फारसा झिजवीत नाही हे खरे. पण चाक म्हटले की ते यादीत आले.

या सायकलचीच आणखी एक गोष्ट जुनी माणसे सांगतात. अंधार पडल्यावर सायकलला दिवा नसेल तर पोलीस अडवीत. मग वाद व्हायचा, "अहो जमादार, चांदणे पडलेय, मला सगळा रस्ता दिसतोय, दिवा कशाला?" या म्हणण्यात एक चूक आहे. दिवा आपल्याला रस्ता दिसावा एवढ्याचसाठी नसतो. समोरून येणाऱ्याला आपण दिसावे, हे त्याचे निम्म्याहून मोठे काम. नियम आपल्यासाठी आहे असे आपण समजतो, आणि असतो तो दुसऱ्यासाठी. पुष्कळ जुने नियम आपल्याला वेडगळ वाटतात ते यामुळेच.

आता कोंडवाड्याचे पाहा. मोकाट गुरे कोंडण्याचा कायदा १८७१ सालचा. त्यात 'गुरे' या शब्दाची व्याख्या दिलेली आहे, आणि त्या व्याख्येत उंट, म्हशी, घोडे, खेचरे, गाढवे, डुकरे, मेंढ्या, शेळ्या, करडे यांच्या जोडीला चक्क हत्ती आहे! आता नगर जिल्ह्यात राहुरीच्या किंवा शेवगावच्या कोंडवाड्यात हत्ती कोण आणून बांधणार? आपण म्हणाल, साहेबांना आपल्या मुलखाची माहिती नव्हती. तसे नाही. तो कायदा काही एका जिल्ह्यापुरता केलेला नव्हता. जिथे लाकडे ओढायला हत्ती पाळीत, असे आसामसारखे मुलूखही त्याच राज्यात होते. तिथे एक सुटलेला हत्ती एका रात्रीत भाताचे अख्खे खाचर लोळवू शकतो. कायदा एकच करायचा, तर हत्तीला वगळून कसे चालेल?

पण हत्तीला हसताना त्या कायद्यातली खरी शहाणपणाची कलमे आपल्या नजरेतून निसटतात. पिकात शिरलेले जनावर शेतकऱ्याने धरले, तर ते चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचे. घरी बांधून ठेवायचे नाही. का? तर घरी बांधले की मालकाशी परस्पर सौदा सुरू होतो, नाहीतर मारामारी. कोंडवाड्याच्या राखणदाराने जनावराला चारापाणी घालायचे, कारण गुन्हा असलाच तर मालकाच्या हयगयीचा. मुक्या जनावराने उपाशी का राहावे? सात दिवसांत कोणी सोडवायला आले नाही, तर पोलीस ठाण्यात कळवायचे. मग गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची. आणखी सात दिवस वाट पाहायची आणि मग लिलाव. आणि त्या लिलावात पोलिसाने, अधिकाऱ्याने किंवा कोंडवाड्याच्या राखणदाराने बोली लावायची नाही, स्वतः नाही आणि दुसऱ्याच्या नावानेही नाही. हे शेवटचे कलम नसते तर काय झाले असते हे सांगायला नको. गावातली चांगली दुभती म्हैस रात्री कोणाच्या हातून सुटली असती आणि पंधरा दिवसांनी कोणाच्या दारात बांधलेली दिसली असती!

असेच एक कलम सराईंच्या कायद्यात होते. हा कायदा १८६७ चा. प्रवासी उतरतात त्या सराईच्या मालकाने काय काय करायचे याची त्यात यादी आहे. खोल्या, ओटे, गटारे आणि विहिरी साफ ठेवायच्या. दर लिहून लावायचे. कोणी साथीच्या रोगाने आजारी पडले तर ताबडतोब पोलीस ठाण्यात कळवायचे. आणि याच यादीत असेही आहे की, ज्या झाडांवरून आणि फांद्यांवरून चोरांना आत-बाहेर करता येईल, ती झाडे आणि त्या फांद्या काढून टाकायच्या. कायद्याच्या पुस्तकात झाडाची फांदी कशाला, असे प्रथम वाटते. पण डोळ्यांपुढे चित्र आणा. दिवसभर चालून थकलेले वाटसरू उशाला गाठोडे घेऊन झोपले आहेत. दाराला अडसर आहे, दाराशी पहारेकरी आहे. आणि भिंतीवर ओणवलेली लिंबाची एक फांदी आहे. एखादी चोरी तशी झाल्यावाचून असे वाक्य कोणाला सुचत नाही. मला तर वाटते, जवळजवळ प्रत्येक विचित्र नियमाच्या मुळाशी कोणाची तरी रडारड असते.

शहरातल्या घरांच्या दारांचीही अशीच गंमत आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात सांगितले आहे की, तळमजल्याची दारे रस्त्याच्या बाजूला उघडणारी नसावीत. कारण उघड आहे. गल्ली अरुंद, डोक्यावर हंडा घेऊन बाई चाललेली, आणि घरातल्याने धाडकन दार बाहेर ढकलले तर? म्हणून दार आत उघडावे. पण नाटकगृह किंवा सिनेमाचे थिएटर घ्या. तिथे नियम नेमका उलटा. दार बाहेरच उघडले पाहिजे. १९०३ च्या डिसेंबरात अमेरिकेत शिकागो शहरातल्या इरोक्वॉय नाटकगृहाला आग लागली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कित्येक दारांना कुलपे होती, काही दारे आत उघडणारी होती. मागून लोटणाऱ्या गर्दीपुढे आत उघडणारे दार उघडणार कसे? त्या आगीनंतर जगभर अशा दारांचे नियम कडक झाले. म्हणजे पाहा, एकाच दारासाठी दोन उलटे नियम, आणि दोन्ही बरोबर. नुसता नियम पाठ केला तर माणूस गोंधळेल. कारण ठाऊक असेल तर गोंधळणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मग जुना नियम तेवढा चांगलाच म्हणायचा का? मुळीच नाही. पेशवाईतल्या पुण्यात रात्री तोफ होई, आणि तोफेनंतर रस्त्यावर फिरायची बंदी असे. दिवाबत्ती नसलेल्या मोठ्या शहरात चोरांना आळा घालण्यासाठी हे योग्यच होते. पण हा बंदोबस्त ज्याच्या हाती होता तो कोतवाल घाशीराम सावळादास. शहराच्या रक्षणासाठी मिळालेला अधिकार त्याने स्वतःचाच समजला. १७९१ साली परगावाहून आलेल्या ब्राह्मणांना त्याच्या हुकुमाने एका कोंदट जागेत कोंडण्यात आले आणि सकाळी त्यांतले कित्येकजण मेलेले निघाले. पुढे खवळलेल्या लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. शहराच्या रक्षणासाठी बंदोबस्त होता, आणि शहरात आलेले पाहुणेच त्यात मेले. कारण विसरले की नियम मोडणारा जसा नुकसान करतो, तसाच नियम चालवणाराही करतो.

आता हे सारे पुराण मी कशासाठी लावले, ते सांगतो. आपल्या नगर शहराला या विस्मरणाची किंमत मोजावी लागली आहे.

हे शहर मलिक अहमद निजामशहाने वसवले. १४९० मध्ये त्याने इथेच बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ च्या सुमारास सीनेकाठी शहर उभे राहू लागले. २०२४ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. बोलताना मात्र आपण अजून नगरच म्हणतो. हा पर्जन्यछायेतला मुलूख. सीनेला पाणी असते ते पावसाळ्यात. मग राजधानीने प्यायचे काय? यावर निजामशाहीतल्या जाणत्या लोकांनी काढलेला उपाय म्हणजे खापरी नळ. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, शहापूर, भिंगार अशा शहराबाहेरच्या उंचवट्याच्या जागी पाणी धरायचे, आणि भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून, वरून चुन्याचा गिलावा देऊन, जमिनीखालून ते शहरात आणायचे. पंप नाही, इंजिन नाही. सगळा खेळ उताराचा. वाटेत ठिकठिकाणी उसासे, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि साचलेला गाळ काढता यावा म्हणून बांधलेली उघडी तोंडे. या पाण्यावर महाल, बागा, मशिदी, हौद आणि पेठा नांदल्या. १८५४ साली नगरपालिका स्थापन झाली तेव्हाही शहर याच नळांचे पाणी पीत होते.

आता विचार करा, असा नळ चालू ठेवायचा म्हणजे काय काय पाळले पाहिजे? उगमाशी गुरे धुवायची नाहीत. नळाच्या वाटेवर खणायचे नाही. वड-पिंपळासारखे झाड नळावर वाढू द्यायचे नाही, कारण पाण्याच्या वासाने मूळ सांध्यात शिरते आणि नळ फोडते. उसाशाचे तोंड बुजवायचे नाही आणि त्यात केर टाकायचा नाही. नळ कुठे आहे हे वरून दिसत नाही, म्हणून हे निर्बंध वरून पाहणाऱ्याला निरर्थकच वाटणार. 'माझ्या अंगणात मी खणू नको म्हणजे काय?' पण अंगणात खणणारा एक, आणि नळ फुटला की तहानलेली राहणारी पुढची सारी पेठ!

पुढे मुळा धरणाचे पाणी नगरला आले. घराघरात तोटी आली, आणि हे झाले ते चांगलेच झाले. हंडे वाहणाऱ्या बायकांना विचारा. पण तोटी आली आणि खापरी नळाचे कारण लोकांच्या डोक्यातून गेले. कारण गेले तसे निर्बंधही गेले. पाया खणताना, रस्ता उकरताना खापराचा नळ लागला की तो फोडून पुढे जायचे, ही रीत झाली. चारशे वर्षांहून जुने काम कुदळीच्या एका घावात संपते आणि मजूर म्हणतो, "काही नाही साहेब, जुनं खापर आहे."

सार्वजनिक पाणी घाण करणे हा गुन्हा तर १८६० च्या दंडसंहितेतही होता. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८६० साली पाचशे रुपये म्हणजे छातीत धडकी भरावी अशी रक्कम. पण हा पाचशेचा आकडा २०२४ पर्यंत तसाच राहिला. त्या वर्षी १ जुलैपासून नवी न्याय संहिता लागू झाली, तेव्हा कुठे दंडाची मर्यादा पाच हजार झाली. नियम रद्द न करताही तो मारता येतो, तो असा. त्याला हात लावायचा नाही, फक्त त्याचे कारण विसरून जायचे.

त्या बिल्ल्याला हसलेल्या मुलांना मी पुढच्या तासाला एक काम दिले. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचे, तुमच्या लहानपणी आपल्या आळीत काय करायची मनाई होती, आणि का? मुले उत्तरे घेऊन आली. विहिरीच्या काठावर चपला घालून जायचे नाही. दिवेलागणीनंतर झाडू मारायचा नाही. गवताच्या गंजीजवळ विडी ओढायची नाही. 'काय' हे सगळ्यांना माहीत होते. 'का' हे थोड्यांनाच सांगता आले. मग आम्ही वर्गात बसून कारणे शोधली. चपलेची घाण विहिरीत जाते. मिणमिणत्या उजेडात झाडले तर नथीतला मोती केराबरोबर उकिरड्यावर जायचा. गंजीचे तर सांगायलाच नको. शेवटी मुलांनीच निवाडा केला. झाडूची मनाई विजेच्या दिव्याबरोबर संपली, ती सोडायला हरकत नाही. विहिरीची आणि गंजीची मात्र जिथे विहीर आणि गंजी आहे तिथे आजही तशीच हवी.

मला वाटते, जुन्या नियमाची परीक्षा करायची ती अशी. त्याच्यामागे कोणती आपत्ती होती, हे आधी शोधायचे. ती आपत्ती आज उरली आहे का, हे पाहायचे. उरली नसेल तर नियम खुशाल मोडीत काढावा, त्या सायकलच्या बिल्ल्यासारखा. उरली असेल तर नियमाचे हसे करू नये.

आणि आपण नगरकर असाल, तर एक विनंती. आपल्या अंगणात किंवा गल्लीत खोदकाम चालले असताना चुन्यात बसवलेला खापराचा नळ लागला, तर घटकाभर कुदळ थांबवा. त्याचा उतार कोणीकडे आहे ते पाहा, जागा लिहून ठेवा, महापालिकेला आणि इतिहासाच्या जाणकारांना कळवा. त्या नळातून आज पाणी येणार नाही कदाचित. पण आपल्या आधीच्या माणसांनी या कोरड्या मुलखात पाणी कुठून, कोणत्या वाटेने आणि काय काय पाळून आणले, हे तो नळ अजून सांगू शकतो. पुढच्या दुष्काळात ते कोणालातरी विचारावे लागणार आहे.