जमिनीची आम्लता आणि चुन्याचे प्रमाण

कोकणातील जांभ्या जमिनी पुष्कळ ठिकाणी आम्लधर्मी आहेत. अशा जमिनीस चुना द्यावा, हे शेतकरी बंधूंस ठाऊक असते. परंतु तो किती द्यावा, हे केवळ सामूच्या आकड्यावरून ठरत नाही. याचे कारण प्रयोगशाळेतील एका साध्या प्रयोगावरून ध्यानात येईल.

सामूचे माप डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ साली सुचविले. सामू ७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्लता व त्यावर अल्कता. आकडा एकाने उतरला की आम्लता दसपट होते.

आता ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिलिलिटर घेऊन त्यात तितक्याच तीव्रतेचे कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबथेंब सोडावे. आरंभी सामू १ असतो. निम्मे द्रावण पडले तरी तो सुमारे १.५ पर्यंतच चढतो. २४.९ मिलिलिटरला तो ३.७ होतो आणि २५.१ ला एकदम १०.३! अवघ्या चार थेंबांत एवढी उडी.

शिरक्यातील आम्ल मात्र सौम्य असते. त्याचा बराच भाग राखीव राहतो आणि अल्क पडेल तसा बाहेर येतो. म्हणून सामू ४.८ च्या आसपास दीर्घकाळ रेंगाळतो.

जमिनीची रीत या दुसऱ्या प्रकारची आहे. चिकणमाती व कुजलेली सेंद्रिय द्रव्ये यांच्या कणांवर आम्लतेचा मोठा साठा असतो. सामू हा फक्त मातीच्या पाण्यातील आम्लता दाखवितो, साठा दाखवीत नाही. त्यामुळे दोन शेतांचा सामू ५ असला, तरी रेताड शेतास थोडा चुना पुरतो व चिकण शेतास त्याच्या कित्येक पट लागतो. चुना कमी पडल्यास विद्राव्य अॅल्युमिनियम मुळांची वाढ खुंटविते. अधिक झाल्यास जस्त, लोह व बोरॉन पिकास मिळेनासे होतात.

यास्तव ग्रामसेवकांनी मातीचा नमुना पाठविताना सामूबरोबर ‘चुन्याची गरज’ही काढून मागावी. पाणी साचलेल्या भातखाचराचा सामू आपोआप उदासीनतेकडे सरकतो; म्हणून वरकस जमिनीकडे, विशेषतः कडधान्यांच्या शेतांकडे, आधी लक्ष द्यावे. चुना बारीक दळलेला असावा, पेरणीपूर्वी काही आठवडे मातीत नीट मिसळावा आणि अमोनियायुक्त खताबरोबर कधीही देऊ नये. तसे केल्यास नत्र हवेत उडून जाते.