खड्ड्यांमुळं कंबर भरून येतेय? सायकलची सीट बदलण्याआधी टायरमधली हवा बघा

विरार फास्टची गर्दी सगळ्यांना माहितीये. पण वसई-विरारकरांचा प्रवास त्या गाडीत चढल्यावर सुरू होत नाही. तो सुरू होतो घर ते स्टेशन या रस्त्यावर. कुणी आगाशी-बोळींजकडून विरार स्टेशन गाठतं, कुणी गिरीज-पापडीकडून वसई रोड, तर कुणी नालासोपाऱ्यातून थेट गोखिवरे-वालीवच्या कारखान्यांत जातं. यातले काही जण सायकलनं जातात. शेअर रिक्षाचे पैसे वाचतात आणि रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, हा साधा हिशोब.

अडचण एकच, रस्ता. खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, खणून वरवर बुजवलेले चर आणि मध्येच येणारे स्पीड ब्रेकर. एवढे हादरे खाऊन स्टेशनवर पोहोचायचं आणि पुढं चर्चगेटपर्यंतचे ६० किलोमीटर उभ्यानं काढायचे. मग महिन्याभरात मनगट दुखतं, कंबर धरते आणि सायकल जिन्याखाली जाऊन पडते.

यावर दोन उपाय हमखास सांगितले जातात. जाड जेलचं सीट कव्हर घ्या, नाहीतर शॉकअपवाली नवी सायकल घ्या. पण खिशात हात घालण्याआधी जे करता येतं, त्यातलं बरंचसं फुकट आहे.

सुरुवात हवेपासून

सायकलचा खरा शॉकअप म्हणजे टायरमधली हवा. हे काही नवीन नाही. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलप या जनावरांच्या डॉक्टरनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल भरीव रबराच्या चाकांमुळं हादरत होती, म्हणून त्यानं हवा भरलेली नळी चाकाला गुंडाळून बघितली होती.

आता आपण काय करतो? पंक्चरवाल्याकडं जातो आणि “टाईट भर” म्हणतो. टायर दगडासारखा झाला की समाधान वाटतं. पण असा टायर खडी दाबून घेत नाही, तिच्यावरून उडतो. तो प्रत्येक धक्का रिम, फ्रेम, सीट असं करत तुमच्या मणक्यापर्यंत येतो. गुळगुळीत रस्त्यावर टणक टायर हलका पळतो हे खरं, पण खडबडीत रस्त्यावर उडण्यातच ताकद वाया जाते.

मग हवा किती ठेवायची? ७० किलोचा माणूस आणि पाठीला साधी बॅग असेल, तर अंदाज असा धरता येतो. २६ × १.९५ च्या जाड टायरच्या सायकलला पुढं ३० ते ३५ पीएसआय आणि मागं ३५ ते ४०. २८ × १ १/२ च्या जुन्या काळ्या सायकलला पुढं ३५ ते ४०, मागं ४५ ते ५०. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, कमी असेल तर थोडी कमी करा. मागच्या चाकात नेहमी जास्त हवा हवी, कारण निम्म्याहून जास्त भार त्याच्यावरच असतो. टायरच्या बाजूवर हवेची कमाल आणि कधी कधी किमान मर्यादा छापलेली असते, त्या हद्दीतच राहा.

काळ्या सायकलच्या रबरी नळीवाल्या व्हॉल्व्हवर साधं मीटर नीट चालत नाही. तिथं डोळ्यांनी बघायचं. तुम्ही सीटवर बसल्यावर मागचा टायर खाली थोडासा फुगला पाहिजे, पण रिम जमिनीला टेकेल इतका बसता कामा नये. हवा फार कमी झाली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. असं पंक्चर झालं की समजायचं, हवा वाढवायची वेळ आली. ट्यूबमधली हवा आपोआपही उतरत असते, त्यामुळं आठवड्यातून एकदा तपासणं बरं.

टायर बदलायचाच असेल तर

जुना टायर झिजला असेल तर पुढचा एक आकार रुंद घ्या. टायर जितका रुंद, तितकी कमी हवा चालते. फक्त टायर आणि फ्रेम-मडगार्ड यांच्यात करंगळी जाईल एवढी जागा राहिली पाहिजे, नाहीतर पावसात चिखल अडकून चाकच फिरत नाही.

इथं एक गंमत आहे. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ हे दोन्ही “सव्वीसचे” टायर, पण एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. दुकानात चूक व्हायला नको असेल, तर टायरवरचा दुसरा आकडा वाचा. पहिल्यावर ५५९ आणि दुसऱ्यावर ५९० असं लिहिलेलं असतं. तो रिमचा मिलिमीटरमधला व्यास. तो जुळला तरच टायर बसणार.

सीट मऊ नको, नीट हवी

जाड मऊ सीटवर पहिली पाच मिनिटं बरं वाटतं. नंतर बसायची हाडं त्यात रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. त्यापेक्षा उंची तपासा. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. सीट सपाट ठेवा. नाक खाली झुकलेलं असेल तर शरीर पुढं घसरतं आणि सगळा भार मनगटांवर येतो.

काळ्या सायकलच्या सीटखाली जाड स्प्रिंगा असतात, त्याला कारण आहे. त्या सायकलवर माणूस ताठ बसतो, म्हणजे वजन जवळपास सगळं सीटवर. तशी बैठक असेल तर स्प्रिंगची रुंद सीट कामाची. स्वस्त सायकलींचे शॉकअप मात्र जड असतात आणि पायडल मारायची थोडी ताकदही खातात.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहातातली नस हँडलवर दाबली जातेय. पकड सैल ठेवा, कोपर थोडे वाकवा, हाताची जागा बदलत राहा.

खड्डा आला की काय करायचं?

ब्रेक खड्ड्याच्या आधी लावा, खड्ड्यात नाही. मग दोन्ही पायडल एका पातळीत आणा, सीटवरून किंचित उठा, गुडघे आणि कोपर मोकळे सोडा. शरीर असं मोकळं असलं की सायकल खालच्या खाली हलते आणि धक्का कंबरेपर्यंत कमी पोहोचतो. डबा आणि जड बॅग पाठीवरून काढून कॅरिअरला बांधली तर फरक पहिल्याच दिवशी कळतो.

पावसाळ्यात पाण्यानं भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही. तो चुकवायचाच असतो, पण आधी मागं वळून बघून. अचानक हँडल मारलं तर खड्ड्यापेक्षा मागून येणारा टेम्पो जास्त धोक्याचा. आणि महिन्यातून एकदा सायकलवाल्याकडून चाकाचा आऊट काढून घ्या, हँडलचे छर्रे ढिले झालेत का ते बघायला सांगा. रोजच्या हादऱ्यांनी हे दोन्ही बिघडतं.

हे सगळं केलं म्हणून रस्त्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. चांगला रस्ता देणं महापालिकेचं आणि रस्ता ज्या खात्याचा आहे त्याचं काम. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळं मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिलाय. त्यामुळं खड्ड्यामुळं पडून लागलंच, तर जागेचा फोटो आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

पण उद्या सकाळी सायकल काढायची असेल, तर एवढंच करा. टायर अंगठ्यानं दाबून बघा. दगडासारखा लागला, तर थोडी हवा सोडा आणि मग स्टेशनचा रस्ता धरा.